निवडुंगाची कुंडी आणि घरातला कुत्रा

"डॉक्टरसाहेब, घरात निवडुंग ठेवला तर कुत्र्याला काही अपाय होतो का?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. एकाने पत्रातून, दोघांनी दवाखान्यात. मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे. कुत्र्याच्या उपचारासाठी पशुवैद्यकीय दवाखाना आहे आणि तिथले डॉक्टर या विषयातले खरे जाणकार आहेत. तरीही आजच्या सदरासाठी हा विषय घेतला, त्याला कारण आहे. कुत्र्याच्या तोंडात काटा रुतला की तिथे हात घालतो तो माणूस. निवडुंग छाटताना डोळ्यात चीक उडवून घेतो तोही माणूस. आणि कुत्र्याला दुखते म्हणून घरातली उरलेली गोळी त्याला चारतो तोही माणूसच. ही मंडळी शेवटी माझ्या दवाखान्याची पायरी चढतात.

पूर्वी निवडुंग घरात आणण्याची पद्धत नव्हती. तो असायचा बांधावर, माळावर, गावाबाहेर. पुण्याच्या नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाचे नावदेखील निवडुंगात मूर्ती सापडल्याच्या आख्यायिकेवरून पडले आहे. कुत्राही तेव्हा ओसरीच्या आत येत नसे. आता दोघेही आत आले. निवडुंग बशीएवढ्या कुंडीत टीव्हीशेजारी बसतो आणि कुत्रा सोफ्यावर. दोन खोल्यांच्या जागेत त्यांची गाठ पडणारच. त्यातून पिल्लू तीन ते सहा महिन्यांचे असले, तर दात येण्याच्या काळात ते चप्पल, पायपुसणे, झाडाची कुंडी असा भेद करत नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. आपली पहिली अडचण नावापासूनच आहे. मराठीत आपण गरदार, पाने नसलेल्या, काटेरी अशा कोणत्याही झाडाला निवडुंग म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यात दोन अगदी वेगळी कुळे येतात. पहिले कॅक्टसचे. फड्या निवडुंग, गोल चेंडूसारखे काटेरी कॅक्टस, खांबासारखे उंच वाढणारे कॅक्टस हे सगळे या कुळातले. हे कुळ मूळचे अमेरिका खंडातले. आपला फड्यासुद्धा परदेशीच, पण इथे तो असा माजला की त्याला आवर घालण्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून त्याच्यावर जगणारा किडा मुद्दाम दक्षिण भारतात आणावा लागला. दुसरे कुळ युफोर्बियाचे. त्रिधारी निवडुंग, कुंपणाला लावतात तो शेर आणि लाल-गुलाबी छोट्या फुलांचे, 'क्राउन ऑफ थॉर्न्स' या नावाने विकले जाणारे काटेरी झुडूप ही या कुळातली. दिसायला दोन्ही कुळांतली झाडे सख्खी भावंडे वाटतात. अपाय मात्र निराळा आहे. पहिल्याचा काटा त्रास देतो, दुसऱ्याचा चीक.

मग ओळखायचे कसे? भिंग असेल तर काट्याच्या बुडाशी पाहा. खऱ्या कॅक्टसचे काटे एका लहानशा, कापसाच्या किंवा लोकरीच्या गादीसारख्या ठिपक्यातून झुबक्याने निघतात. युफोर्बियाला अशी गादी नसते. पुष्कळदा धारेवर काट्यांच्या जोड्या असतात. एवढ्यावर समाधान होत नसेल, तर चष्मा लावून, हात लांब धरून, झाडाच्या बुडाजवळ सुईने हलकेच टोचा. दुधासारखा पांढरा चीक आला, तर ते झाड कुत्र्याच्या आणि मुलांच्या घरात नको असे समजा. गोल कॅक्टसच्या काही जातींतूनही पांढरा रस येतो आणि तो तितका दाहक नसतो, पण ती पारख घरच्या घरी करत बसू नये. सुई टाकून द्या आणि हात साबणाने धुवा.

पहिल्या कुळाविषयी आधी सांगतो, कारण तिथे बातमी बरी आहे. नर्सरीत मिळणारे बहुतेक खरे कॅक्टस विषारी नसतात. मेक्सिकोत फड्याची कोवळी फडी भाजी म्हणून खातात, ब्राझीलमध्ये बिनकाट्यांचा निवडुंग जनावरांना वैरण म्हणून घालतात. त्याची लाल बोंडे आपल्याकडेही पोरांनी खाल्लेली आहेत आणि लालभडक तोंडे पाहून आयांनी रक्त समजून धावपळ केलेली आहे. कुत्र्याने कॅक्टसचा गर चावून खाल्ला, तर एखाददुसरी उलटी किंवा पातळ शौच होईल आणि बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप थांबेल. ते थांबले नाही, किंवा कुत्रा मलूल झाला, तर पशुवैद्यकाकडे न्यावे.

राहिला काटा. त्याचेही दोन प्रकार आहेत. लांब, टणक काटा डोळ्यांना दिसतो, लागला की कुत्रा केकाटतो आणि पुन्हा त्या कुंडीजवळ फिरकत नाही. काटा नुसता कातडीत असेल आणि कुत्रा शांत असेल, तर चिमट्याने सरळ ओढून काढता येतो. खरा त्रास देतात ती बारीक कुसे. सशाच्या कानांसारख्या फड्यांचा, अंगावर पिवळसर किंवा पांढऱ्या मखमली ठिपक्यांचा एक निवडुंग दुकानात फार खपतो. मोठे काटे नाहीत म्हणून लोक तो मुलांच्या खोलीत ठेवतात. त्या मखमलीत केसापेक्षा बारीक अशी शेकडो कुसे असतात आणि प्रत्येक कुशीला उलटे दाते असतात. हात नुसता घासला तरी ती कातडीत शिरतात आणि ओढले तर तुटून आत राहतात. भिंगाशिवाय दिसत नाहीत. कुत्र्याच्या नाकाला चार कुसे लागली की तो चाटतो, मग जिभेला लागतात. पंजाने तोंड घासतो, मग पंजाला लागतात. लाळ गळते, खाणे सुटते आणि घरच्यांना काही कळत नाही.

माणसालाही ही कुसे फसवतात. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर बारीक पुटकुळ्या येऊन खाज सुटते आणि खरूज म्हणून मलम सुरू होते. इस्राएलमध्ये निवडुंगाची फळे तोडणाऱ्या मजुरांत असेच पुरळ दिसते आणि तेही खरजेसारखेच भासते. घरात एकालाच खाज, बाकीच्यांना काही नाही, रात्री ती विशेष वाढत नाही, अशी हकीकत असली की मी घरातल्या कुंड्यांची चौकशी करतो. लांब केसांचा पॉमेरेनियन पाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. कुसे त्याच्या केसांत अडकून राहतात आणि मांडीवर घेणाऱ्याच्या अंगात शिरतात.

माणसाच्या कातडीतली कुसे काढण्याची एक सोपी रीत आहे. चांगल्या उजेडात, भिंगाखाली, चिमट्याने दिसतील तेवढी कुसे आधी काढावीत. मग शाळेतली मुले वापरतात तो पांढरा पातळ डिंक त्या जागी पसरून वर गॉजचा एक पदर दाबावा, पूर्ण वाळू द्यावा आणि सावकाश सोलून काढावा. उरलेली बरीच कुसे त्याबरोबर निघतात. क्षणात चिकटणारा डिंक मात्र वापरू नये, त्याने कुसे आतच पक्की होतात. चोळू नये. तोंडात, डोळ्याजवळ आणि कुत्र्याच्या केसाळ अंगावर डिंकाचा प्रयोग करू नये. कुत्र्याच्या जिभेतली कुसे काढायची, तर पशुवैद्यकाला बहुधा त्याला गुंगी द्यावी लागते. ते घरी होणारे काम नाही.

मोठा काटा बोटाच्या पेरात, मनगटात किंवा गुडघ्यात गेला आणि तुटला, तर तो वरवर बरा वाटला तरी दाखवावा. काही आठवड्यांनी सांधा सुजतो, ताप नसतो आणि रुग्ण काटा लागल्याचे विसरून गेलेला असतो. साध्या एक्स-रेत झाडाचा काटा बहुधा दिसत नाही. सोनोग्राफीत दिसू शकतो. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली, हेही या निमित्ताने तपासून घ्यावे.

आता दुसरे कुळ, चिकाचे. शेराचे कुंपण आपल्याकडे नवे नाही. जनावर त्याला तोंड लावत नाही म्हणूनच तो लावतात. शेराचा चीक कातडीला लागला की लाली येते, आग होते, कधी फोड येतात. चामखिळीवर तो लावण्याचा जुना उपाय आहे. चेहऱ्यावर तो करू नये, डोळा जवळ असतो. कुत्र्याने अशा झाडाची फांदी चावली, तर तोंडाला आणि घशाला जळजळ होते, लाळेची धार लागते, उलट्या होतात. अशा वेळी त्याला मुद्दाम उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजणे तर अजिबात नको. एकदा पोळलेला घसा पुन्हा पोळतो आणि मिठाचा स्वतंत्र अपाय होतो. समोर स्वच्छ पाणी ठेवावे, तोंडाबाहेरचा आणि अंगावरचा चीक साध्या साबणाने धुवावा आणि पशुवैद्यकाकडे न्यावे. चिकट चीक काढायला रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावणारे लोक आहेत. कुत्रा ते चाटतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

पण चिकाचा सगळ्यात मोठा धोका डोळ्याला. इथे कुत्रा आणि माणूस यांत फरक नाही. एक गृहस्थ असेच रविवारी दुपारी गॅलरीतला त्रिधारी छाटत होते. थेंब उडाला, चुरचुरले, त्यांनी दोन ओंजळी पाणी मारले आणि वामकुक्षी घेतली. रात्री दोन वाजता मुलगा त्यांना घेऊन माझ्या दाराशी. डोळा उघडता येत नव्हता, उजेड सहन होत नव्हता, दिसणे धूसर झाले होते. शेराच्या आणि निवडुंगाच्या चिकाचे हे नेहमीचे लक्षण आहे. सुरुवातीला त्रास थोडा वाटतो, काही तासांनी वेदना वाढत जातात, कारण बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला सूज येत असते. वेळेवर नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यास बहुतेकांचा डोळा एक-दोन आठवड्यांत बरा होतो. त्यांचाही झाला. हयगय केली तर जखम चिघळून कायमची अंधुकता येऊ शकते.

म्हणून चीक डोळ्यात गेला, की त्या क्षणी नळाखाली किंवा तांब्याने सतत पाणी सोडत किमान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा. घड्याळ लावूनच धुवावा, कारण माणसाला दोन मिनिटे पंधरा वाटतात. काँटॅक्ट लेन्स असेल तर काढून टाकावी. मध, तूप, आईचे दूध यांपैकी काहीही घालू नये. घरात उरलेले डोळ्याचे थेंब तर मुळीच नको. त्यांत स्टेरॉइड असेल आणि ते चुकीच्या वेळी पडले तर नुकसान होते. धुऊन झाले की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. कुत्र्याचा डोळाही असाच पाण्याने धुवावा, पंजाने चोळू देऊ नये आणि पशुवैद्यकाकडे न्यावे. चपट्या तोंडाचे पग २००३ सालच्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर गावोगाव दिसू लागले. त्यांचे डोळे बाहेर आलेले असतात आणि नाक आखूड. कुंडी हुंगायला गेलेल्या पगचा काटा नाकाआधी डोळ्यात जाऊ शकतो. ज्यांच्या घरी पग आहे त्यांनी कोणताच काटेरी निवडुंग खाली ठेवू नये, असे माझे मत आहे.

यापुढची गोष्ट मात्र सर्वांनी नीट वाचावी, घरात निवडुंग असो वा नसो.

लाळ गळते आहे, गिळता येत नाही, तोंड अर्धवट उघडे आहे, पंजा तोंडाकडे जातो. काटा तोंडात रुतलेला कुत्रा असा दिसतो. आणि पिसाळलेला, म्हणजे रेबीज झालेला कुत्राही सुरुवातीला असाच दिसू शकतो. रेबीज म्हणजे अंगावर धावून येणारा कुत्रा, अशी आपली समजूत आहे. पण या रोगाचा एक प्रकार मुका असतो. कुत्रा चावत नाही, कोपऱ्यात पडून राहतो, जबडा लुळा पडतो, आवाज घोगरा होतो. मालकाला वाटते, घशात हाड किंवा काटा अडकला. तो मायेने जबडा उघडून आत बोटे घालतो. मालकाच्या हाताला आधीच निवडुंग हाताळताना टोचल्याच्या चार जखमा असल्या, तर लाळेतला विषाणू शिरायला तेवढी वाट पुरते. चावा लागतच नाही. माणसात रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली, की त्यातून रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

यासाठी मी एक साधा नियम सांगतो. आपला कुत्रा, दर वर्षी रेबीजची लस घेतलेला आणि निवडुंग चावताना आपण स्वतः पाहिलेला, या तिन्ही गोष्टी असतील तरच तोंडाच्या बाहेर दिसणारा काटा चिमट्याने काढावा. यातली एकही गोष्ट कमी असेल, तर तोंडात हात घालू नये. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या बाबतीत तर प्रश्नच नाही, दया कितीही आली तरी. त्याला एका जागी कोंडून पशुवैद्यकांना कळवावे. दुखत असलेला घरचा कुत्रासुद्धा मालकाला चावतो, हेही विसरू नये.

हात घातला गेलाच असेल, किंवा ओरखडा, चावा लागला असेल, तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. हळद, तिखट, चुना लावू नये. जखमेवर घट्ट पट्टी बांधू नये. जखमेतून रक्त आले असेल, किंवा फुटलेल्या कातडीला लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत द्यायचे आणखी एक औषध, इम्युनोग्लोब्युलिन, लागते. त्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने अजूनही जुनी माणसे टाळाटाळ करतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडावर देतात, ठरलेल्या तारखांना चार-पाच वेळा, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. तारखा चुकवू नयेत.

दुसरी सूचना गोळ्यांची. "अर्धी गोळी कुत्र्याला चालेल ना?" असे मला विचारतात. चालत नाही. आपल्याला सर्रास मिळणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलने यकृत आणि रक्त बिघडते. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. पशुवैद्यकाने वजन पाहून लिहून दिल्याशिवाय माणसाचे कोणतेही औषध जनावराला देऊ नये. काटा लागून कुत्रा मरत नाही, पण या गोळ्यांनी मरू शकतो.

निवडुंगाची एवढी चौकशी करणारे लोक त्याच्या शेजारच्या कुंडीकडे पाहत नाहीत. नर्सरीत निवडुंगाच्याच रांगेत जाड बुंध्याचे, गुलाबी फुलांचे अडेनियम असते. ते कण्हेरीच्या कुळातले आणि तिच्यासारखेच हृदयावर परिणाम करणारे विष त्यात असते. बिनकाट्याचे, गोंडस फुलांचे कलांचोही हृदयाला वाईट. दारात शोभेसाठी लावतात तो सायकस कुत्र्याच्या यकृतावर घाला घालतो आणि त्याच्या बिया सर्वांत विषारी. कोरफडीने जुलाब होतात, जेडने उलट्या. काट्यांच्या कॅक्टसपेक्षा ही बिनकाट्याची झाडे कुत्र्याला अधिक घातक आहेत, कारण चावताना त्याला थांबवायला काही नसते.

तेव्हा ज्यांनी विचारले त्यांना माझे उत्तर असे. चीक नसलेला, लांब काट्यांचा खरा कॅक्टस ठेवायला हरकत नाही. मात्र तो टेबलावर नव्हे, तर कुत्र्याची शेपटी आणि मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, पक्क्या फळीवर. कुंडी रुंद आणि जड असावी, लहान हलकी कुंडी धक्क्याने खाली येते. सशाच्या कानाचा मखमली निवडुंग पिल्लू मोठे होईपर्यंत कोणाला तरी देऊन टाका. शेर, त्रिधारी आणि अडेनियम कुत्र्याच्या घरात नकोच. कुंडीतल्या मातीत कीटकनाशकाची पूड टाकली असेल तर तेही एक विष घरात आहे, हे ध्यानात असू द्या. काटेरी झाड घरात ठेवल्याने वास्तुदोष होतो का, असेही एका भगिनींनी विचारले आहे. तो माझा विषय नाही.

कुंपणाचा शेर तोडायचाच असेल तर जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा घालून तोडावा. मुलांना आणि कुत्र्याला त्या वेळी घरात कोंडावे. काम चालू असताना मोजा घातलेल्या हाताने घाम पुसू नये. कोयता आणि मोजे वापरून झाल्यावर लगेच साबणाने धुवावेत, कारण पात्यावर राहिलेला चीकही डोळ्याला बाधतो. तोडलेल्या फांद्या अंगणात ढीग करून ठेवू नयेत, त्याच दिवशी खड्डा करून पुराव्यात. त्या ओल्या असताना जाळू नयेत, धूर डोळ्यांना झोंबतो.